जेटीसमोर गाळ साचलाय? मशीन बोलवायच्या आधी बांबू घ्या

ओहोटीला होडीचं इंजिन खाली सोडलं आणि मागे चहाच्या रंगाचं पाणी उसळायला लागलं की समजा पंखा गाळ ढवळतोय. आउटबोर्डच्या (होडीच्या मागे लावलेल्या इंजिनच्या) बाजूने जी पाण्याची धार पडते ती बारीक झाली तर लगेच बंद करा, कूलिंग पंपात गाळ शिरला तर रबरी इंपेलर (पाणी ओढणारं चाक) गेलाच, आणि जातो तो नेमका सीझनच्या मधोमध. माझा दोनदा गेलाय, दुसऱ्यांदा तर पाहुणे होडीत बसलेले.

मग सगळे पहिला फोन पोकलेनवाल्याला करतात. नका करू. आधी मोजा.

सरळ बांबू घ्या, दर 10 सेंमीला ऑइल पेंटची खूण करा आणि खालच्या टोकाला डब्याचं रुंद झाकण ठोका, नाहीतर बांबू मऊ गाळात घुसतो आणि खोली आहे त्यापेक्षा जास्त दिसते (मी झाकण लावलं नव्हतं, अख्खी सकाळ फुकट). जेटीच्या खांबावर एक कायमची खूण ठेवा, कारण आपल्याकडे गोव्यात उधाणाला पाणी साधारण दोन मीटर वरखाली होतं, त्यामुळे प्रत्येक मापाबरोबर त्या क्षणी पाणी खुणेच्या किती खाली होतं तेही लिहायलाच हवं. भांगाचा दिवस बघा, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तो, पाणी कमी हलतं. जेटीपासून नदीच्या मुख्य पात्रापर्यंत दर 5 मीटरला माप, एकदा मे अखेर आणि एकदा ऑक्टोबरात, म्हणजे पावसाने किती भर टाकली ते कळतं.

तळाचा गाळ थोडा काचेच्या बाटलीत घ्या, पाणी घालून हलवा. मिनिटाभरात खाली बसली ती रेती, सकाळपर्यंत पाणी गढूळ राहिलं तर चिकणमाती. रेती काढायला आणि ठेवायला सोपी. चिकणमाती म्हणजे डोकेदुखी.

आता गाळ येतो कुठून? पावसात डोंगरावरची तांबडी माती शापोऱ्यात, मांडवीत, साळ नदीत उतरते, आणि गोडं पाणी खाऱ्याला भेटलं की बारीक कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि खाली बसतात. ते आपल्या हातात नाही. पण दगडांची भरीव जेटी बांधली की तिच्या आडोशाला पाणी थांबतं आणि तिथेच गाळ बसतो, खांबांवरची जेटी पाणी जाऊ देते. आणि खाजन (खाडीकाठची बांध घातलेली सखल जमीन) बुजवलं की भरतीला आत शिरणारं पाणी कमी, मग ओहोटीला बाहेर पडणारा जोरही कमी, खाडी स्वतःला धुऊ शकत नाही. लोक खाजनात भराव टाकतात आणि नंतर खाडी उथळ झाली म्हणून ओरडतात, काय बोलायचं.

खड्डा खणलात आणि कारण तसंच राहिलं तर तो पुढच्या एक-दोन पावसाळ्यांत भरतो. म्हणून आधी स्वस्त उपाय बघा, तरंगता पाँटून (तरंगता धक्का) 10 मीटर पुढे सरकवला किंवा फेऱ्या भरतीच्या वेळेला लावल्या तरी पुष्कळदा भागतं.

तरीही काढायचाच असेल तर जागा सीआरझेडमध्ये (किनारी नियमन क्षेत्रात) येणार हे धरूनच चला, जीसीझेडएमए (गोव्याचं किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण) आणि कॅप्टन ऑफ पोर्ट्स (सरकारचं बंदर खातं) दोन्हीकडे आधी विचारा, खारफुटीला हात लावू नका. मोरजी-मांद्रे कासवांचे किनारे आहेत, 2011 च्या सीआरझेड अधिसूचनेत नावानिशी, तिकडे रेती टाकायचा विचारही नको.

हिशोब सोपा आहे. 40 मीटर लांब, 10 रुंद, 60 सेंमी खोल म्हणजे 240 घनमीटर. टिपरमध्ये 6 घनमीटर धरा, 40 फेऱ्या. म्हणजे खरा प्रश्न काढायचा नाही, टाकायचा. आमच्या एका ठेकेदाराने गाळ तिथेच काठावर ओतला, पैसे घेऊन गेला, जूनच्या पहिल्या जोराच्या पावसात सगळा परत खाली. गाळ बांध घालून वेगळ्या जागी निथळू द्या, शेतात आणि माडाखाली टाकू नका, मीठ आहे त्यात. कुजक्या अंड्याचा वास येणारा काळा गाळ तर सुकल्यावर आम्लधर्मी होऊ शकतो.

खणताना कडा उभ्या कापू देऊ नका, मऊ गाळ घसरून परत मधेच येतो, उतार चांगला पसरट ठेवा, आणि जेटीच्या खांबांच्या मुळाशी तर अजिबात खणू देऊ नका. काम झाल्यावर त्याच बांबूने, त्याच खुणेवरून परत मोजा, शेवटचा हप्ता त्यानंतरच.