फेरोइलेक्ट्रिकवर पीएचडी करायचीय? आधी दिवा बंद करून मोजा

एमेस्सी झालेल्या दोघा-तिघांनी विचारलं की पुण्यात फेरोइलेक्ट्रिक मटेरियल आणि उजेड या विषयात पीएचडी करायची तर नेमकं काय करावं लागतं, म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय.

फेरोइलेक्ट्रिक म्हणजे ज्याच्यात पोलरायझेशन (धन आणि ऋण भार एकमेकांपासून थोडे सरकलेले असणं) मुळातच असतं आणि बाहेरून इलेक्ट्रिक फील्ड लावून त्याची दिशा उलटी करता येते. सिलिकॉनच्या सोलर सेलमध्ये इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर उरलेली धन जागा) वेगळे करायला जंक्शन, म्हणजे दोन प्रकारच्या सिलिकॉनचा सांधा, बनवावं लागतं, इथे क्रिस्टलची रचनाच एका बाजूला कललेली असते त्यामुळे जंक्शन नसतानाही उजेडात करंट वाहतो, आणि व्होल्टेज तर बँड गॅपपेक्षाही (उजेडाने इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा) जास्त मिळू शकतं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रात्री झोप लागली नव्हती. पण करंट मात्र फारच बारीक असतो. एक कारण बँड गॅप. बेरियम टायटनेटचा साधारण 3.2 इलेक्ट्रॉन व्होल्ट, उजेडाची तरंगलांबी काढायला 1240 ला त्याने भागा, 387 नॅनोमीटर येतं, म्हणजे डोळ्याला दिसणारा उजेड त्याच्या काहीच कामाचा नाही, यूव्हीच पाहिजे, आणि उन्हात यूव्ही थोडाच. बिस्मथ फेराइटचा 2.7 च्या आसपास म्हणून ते निळा उजेड तरी शोषतं. पोलरायझेशन न घालवता गॅप कमी कसा करायचा यावर सगळ्यांची धडपड चालू आहे. पण सुरुवात बेरियम टायटनेटनेच करा असं माझं स्पष्ट मत आहे, बिस्मथ फर्नेसमध्ये उडून जातं आणि मग एक्सआरडीत (क्रिस्टलची रचना दाखवणारी एक्स-रे चाचणी) नको ते पीक बघत बसावं लागतं.

पुण्यात सोय चांगली आहे. गणेशखिंडला विद्यापीठ, पाषाण रोडला एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा), शेजारी आयसर (विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था), पुढे सी-मेट (इलेक्ट्रॉनिक्सच्या मटेरियलवर काम करणारी संस्था), हे सगळं एका सायकल फेरीत होतं. तिथली सेमिनार सोडू नका, केमिस्ट्रीवाल्यांची तर अजिबातच सोडू नका. नेट किंवा गेट आधीच द्या. मुलाखतीत गाइडना एवढं नक्की विचारा की इलेक्ट्रोमीटर (अगदी बारीक करंट मोजणारं यंत्र) लॅबचा स्वतःचा आहे की स्लॉट मागावा लागतो, माझं एक अख्खं सेमिस्टर अशाच एका ठिकाणी स्लॉटची वाट बघण्यात गेलं.

आता जे खरं सांगायचंय ते. माझं पहिलं पेलेट (पावडर दाबून आणि भाजून केलेली चकती) तयार झालं, दोन्ही बाजूंना सिल्व्हर पेस्ट लावली, सिलिकॉन ऑइलमध्ये गरम करून पोलिंग केलं (म्हणजे फील्ड लावून पोलरायझेशन एका दिशेला वळवलं) आणि फील्ड चालू ठेवूनच थंड केलं (120 अंशांच्या वर फेरोइलेक्ट्रिकपणाच जातो, त्यामुळे ही पायरी चुकवू नका). इलेक्ट्रोमीटरला जोडलं, समोर हॅलोजनचा दिवा लावला आणि करंट उसळला! आनंदाने गाइडना मेसेजही टाकला.

दुसऱ्या दिवशी लॅबमधल्या सिनियर ताईंनी ग्राफ बघितला आणि शांतपणे विचारलं, "हॅलोजनमध्ये 387 च्या खाली उजेड असतो किती रे? आणि हा करंट टिकत का नाही?" खरंच टिकत नव्हता. दिवा लावला की वर उसळी आणि मग हळूहळू शून्य, दिवा बंद केला की तशीच उसळी खाली. ताईंनी लाइट घालवले, सोल्डरिंग आयर्न तापवलं आणि पेलेटजवळ नुसतं धरलं. अंधारात तोच ग्राफ! प्रत्येक फेरोइलेक्ट्रिक हे पायरोइलेक्ट्रिक असतंच, तापमान बदलत असेपर्यंत त्यातून करंट येतो, आणि दिवा पेलेट तापवत होता. मी जे मोजलं ती उष्णता होती, उजेड नाही. खूप वाईट वाटलं तेव्हा, पण आज कुठलाही पेपर हातात आला की मी आधी करंट टिकतोय का तेच बघतो.

फेरोइलेक्ट्रिक पावडर उजेडात रिॲक्शन घडवायला कॅटॅलिस्ट म्हणूनही वापरतात, तिथेही हेच. पाण्यात विरघळवलेल्या मिथिलीन ब्लूचा निळा रंग गेला म्हणजे कॅटॅलिस्टने काम केलं असं लगेच धरू नका. रंग पावडरला नुसता चिकटतो, म्हणून आधी अंधारात ढवळत ठेवून रंगाचा 664 नॅनोमीटरचा शोषणाचा पीक स्थिर होऊ द्या. रंग उजेडात आपणहूनही फिकट होतो, म्हणून पावडर न घालता एक रन घ्या. आणि पोलरायझेशनमुळे फरक पडला असं म्हणायचं असेल तर पोलिंग केलेलं आणि न केलेलं, दोन्ही सँपल शेजारी शेजारी पाहिजेत, सरफेस एरिया सारखा ठेवून. या तीन रनसाठी चार दिवस जास्त जातात, जाऊ देत.

पुढे आम्ही 365 नॅनोमीटरचा यूव्ही एलईडी आणला, मागे पंखा लावला, आणि दिवा लावल्यावर दहा मिनिटं नुसतं थांबलो. सुरुवातीची उसळी बसली आणि खाली एक बारीकशी सपाट रेघ उरली. मग तेच पेलेट उलट्या दिशेने पोल करून पुन्हा लावलं. रेघ शून्याच्या पलीकडे गेली. ताई म्हणाल्या, "आता टाक मेसेज."