दौऱ्यावरच्या रॉक बँडचे जुने लाइव्ह रेकॉर्डिंग कसे शोधावे

बेळगाव पुणे–बंगळूर मार्गावर आहे आणि चोर्ला घाट उतरला की गोवा लागतो. त्यामुळे दौऱ्यावर निघालेल्या एखाद्या बँडने वाटेत येथे थांबून कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये वाजवून जाणे यात नवल नव्हते. अशा रात्रींबद्दल बोलताना ‘कोणीतरी टेप केले होते’ हे वाक्य टिळकवाडीपासून निपाणीपर्यंत मी अनेकांच्या तोंडून ऐकले आहे. ते ‘कोणीतरी’ म्हणजे कोण, हे शोधून काढण्याची रीत येथे दिली आहे.

सुरुवात तारखेपासून करावी. माणसांना साल आठवत नाही, परंतु आपण तेव्हा कितव्या वर्षाला होतो हे पक्के आठवते. म्हणून प्रश्न तसाच विचारावा आणि साल आपण काढावे. त्यानंतर वाचनालयात जाऊन त्या हंगामातील स्थानिक वृत्तपत्रांचे बांधीव अंक चाळावेत. ‘तरुण भारत’ बेळगावातून १९१९ पासून निघत असल्यामुळे शहरवार्तांसाठी पहिला हात त्याच्याकडे जातो. मात्र बातमीपेक्षा तिकिटांच्या जाहिरातीवर अधिक विश्वास ठेवावा, कारण तिच्यात वार, वेळ आणि मैदान हे तिन्ही असते. इंटरनेटवर शोधताना गावाची सगळी रूपे टाकून पाहावीत. बेळगावचे अधिकृत नाव बेळगावी झाले ते १ नोव्हेंबर २०१४ रोजी, बंगळूरचेही त्याच दिवशी बदलले. जुन्या टेपवर चिठ्ठी लिहिणाऱ्याने साहजिकच जुने इंग्रजी स्पेलिंग वापरलेले असते.

तारीख हाती आली की माणसे शोधावीत, आणि सर्व वेळ खरे तर येथेच द्यावा. पहिला मान साउंड सिस्टीमवाल्याचा. मिक्सरमधून निघणारी एक वायर कॅसेट डेकला जोडून कार्यक्रम टेप करून ठेवण्याची अनेक साउंडवाल्यांची सवय असे. कधी हौसेने, कधी पुढच्या गिऱ्हाइकाला ऐकवण्यासाठी. त्याच्यानंतर व्हिडिओ शूटिंगवाला, कारण व्हीएचएसच्या फितीवरही आवाज असतोच, आणि शेवटी पहिल्या रांगेत टू-इन-वन (रेडिओ आणि कॅसेट रेकॉर्डर एकत्र असलेले यंत्र) मांडीवर घेऊन बसलेला होस्टेलचा विद्यार्थी. भेटायला गेल्यावर ‘टेप आहे का?’ असे एकदम विचारू नये, उत्तर ‘नाही’ असेच येते. ‘अण्णा, त्या रात्रीचा साउंड तुमचाच होता ना?’ असे विचारले की गप्पा सुरू होतात, समोरचे कन्नड बोलणारे असतील तर मोडक्या कन्नडातली दोन वाक्येही पुरतात, आणि दुसऱ्या चहापर्यंत माळ्यावरचा खोका खाली येतो. ज्यांची दुकाने बंद झाली त्यांच्या मुलांना आणि शेजारच्या भंगारवाल्यालाही विचारावे. अमेरिकेतील ग्रेटफुल डेड या बँडच्या टेपांचे असेच झाले होते. त्यांच्या ध्वनिमुद्रक बेटी कँटर-जॅक्सन यांनी केलेल्या टेपांचा मोठा साठा गोदामाचे भाडे थकल्यामुळे १९८६ मध्ये लिलावात अनोळखी माणसांच्या हाती गेला. ८ मे १९७७ च्या कॉर्नेल विद्यापीठातील गाजलेल्या कार्यक्रमाचे त्यांचे रेकॉर्डिंग अधिकृतपणे बाहेर यायला २०१७ उजाडले. याच बँडने १९८४ पासून टेप करणाऱ्या श्रोत्यांना सभागृहात वेगळी जागा दिली होती. ज्या बँडांची अशी संमती आहे त्यांचे हजारो कार्यक्रम इंटरनेट अर्काइव्हच्या लाइव्ह म्युझिक विभागात विनामूल्य ऐकता येतात, म्हणून खोके उपसण्याआधी तेथे एकदा पाहून घ्यावे.

कॅसेट मिळाली तरी ती लगेच वाजवू नये. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात फितीवर पांढरी बुरशी धरते. मी अशीच एक कॅसेट घाईने डेकमध्ये घातली आणि दोन गाणी कायमची गमावली. कवचाला स्क्रू असतील तर ते उघडून फीत चांगल्या कवचात हलवावी, फितीला हेडवर दाबून धरणारी दाबपट्टी सुटली असेल तर बदलावी, डेकचे हेड (फितीवरचा आवाज वाचणारा भाग) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे आणि कॅसेट एकदा पूर्ण पुढे व पूर्ण मागे गुंडाळून घ्यावी. आवाज दबका वाटला तर बहुधा हेडचा कोन मूळ यंत्राशी जुळत नसतो. हेडजवळचा छोटा स्क्रू अगदी हलक्या हाताने फिरवत झांजांचा आवाज लख्ख होईपर्यंत ऐकत राहावे. संगणकावर घेताना ते २४ बिट वेव्ह (WAV) स्वरूपात घ्यावे आणि मूळ फाइलवर कोणतीही सफाई करू नये. खरखर काढायची असेल तर प्रतीवर काढावी. कॅसेट घरी न्यायला मागू नये. आपला डेक आणि लॅपटॉप त्यांच्याच घरी नेऊन बसावे, म्हणजे मालकाचा जीव टांगणीला लागत नाही.

आता हे रेकॉर्डिंग नेमके कोणते, हे ठरवायचे. मिक्सरवरून घेतलेल्या टेपमध्ये गायकाचा आवाज पुढे आणि गिटार मागे असते, कारण लहान सभागृहात गिटारचा स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर पुरेसा मोठा असल्याने ती मिक्सरमध्ये फारशी सोडलेलीच नसते. श्रोत्यांतून घेतलेल्या टेपमध्ये उलट टाळ्या, शिट्ट्या आणि शेजाऱ्याच्या गप्पा अधिक. साधारण पंचेचाळीस मिनिटांनी गाणे मध्येच तुटत असेल तर ती नव्वद मिनिटांच्या कॅसेटची पालटलेली बाजू समजावी आणि तो तुकडा दुसऱ्या कोणाच्या टेपमध्ये मिळतो का ते पाहावे. चिठ्ठीवरची तारीख वादकांवरून तपासता येते. उदाहरणार्थ, इंडियन ओशनच्या टेपमध्ये असीम चक्रवर्ती गात असतील तर ती २००९ नंतरची असू शकत नाही, कारण त्या वर्षीच्या डिसेंबरात त्यांचे निधन झाले. याच बँडचा ‘डेझर्ट रेन’ हा अल्बम १ जानेवारी १९९७ रोजी दिल्लीत झालेल्या कार्यक्रमाचे रेकॉर्डिंग आहे, तेव्हा ‘दुर्मीळ’ म्हणून हाती आलेली टेप त्याचीच नक्कल तर नाही ना, हेही ऐकून पडताळावे.

रेकॉर्डिंग लोकांसमोर ठेवण्यापूर्वी बँडची लेखी परवानगी घ्यावी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार सादरीकरणावरील कलावंताचा हक्क पन्नास वर्षे टिकतो, म्हणजे नव्वदच्या दशकातील कोणताही कार्यक्रम अजून त्यांचाच आहे. परवानगी मागताना एक चांगली प्रत बँडकडे पाठवावी. दौऱ्यातल्या अशा रात्रींची टेप त्यांच्याकडेही क्वचितच असते. फाइलच्या नावात तारीख, गाव, जागा, टेपचा प्रकार आणि ती कोणत्या यंत्रावर उतरवली हे लिहावे, आणि एक प्रत पेन ड्राइव्हवर घालून साउंडवाल्या अण्णांच्या घरी नेऊन द्यावी.