जुनं नाणं घेताना आधी काटा, मग भिंग

इंदुरात राजवाड्याच्या आसपास कुणी ‘उज्जैनकडचं आहे, दोन हजार वर्षांचं’ म्हणत चांदीचा चपटा तुकडा पुढे केला, तर आधी वजन करायला सांगा. आहत, म्हणजे ठसे ठोकून घडवलेल्या प्राचीन नाण्यांतला कार्षापण हा चांदीचा शिक्का ३२ रतींचा, म्हणजे साधारण ३.४ ग्रॅम, झीज धरून थोडा कमी भरेल. चांदीचा पत्रा कापायचा, वजन जास्त भरलं तर कोपरा छाटायचा आणि एकेक ठसा वेगळा ठोकायचा, अशी ती घडत. त्यामुळे ठसे एकमेकांवर चढलेले असतात, एखादा कडेबाहेर अर्धा पळालेला असतो. भिंगाखाली सगळे ठसे सारख्याच खोलीचे, कडेला शिवण आणि अंगावर सुईच्या टोकाएवढी भोकं दिसली, तर नाणं ओतीव, म्हणजे साच्यात ओतलेलं नकली समजा आणि रामराम करा.

नवशिक्यांनी मात्र होळकरी नाण्यांपासूनच सुरुवात करावी. महेश्वरच्या रुपयावर शिवलिंग आणि बेलपान, मल्हारनगरच्या, म्हणजे इंदूरच्या रुपयावर किरणांचा सूर्य, ओळखायला सोपी.

चिंच, लिंबू, पितांबरी लांब ठेवा. घासलेल्या नाण्याला जाणकार हातही लावत नाही. आणि शेतात गाडलेलं घबाड सापडलं, तर १८७८च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांवरच्या ऐवजाची खबर कलेक्टरांना द्यावीच लागते.