तारकर्लीला ग्रुपने जाताय? आधी तिथी बघा

आठ-दहा मित्रांचं मालवण-तारकर्ली ठरवायचं तर सगळ्यांना जमतील असे दोन-तीन शनिवार-रविवार काढा आणि त्यांतला कुठला घ्यायचा ते तिथी बघून ठरवा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. पाण्याला ओढ जास्त आणि तळातली वाळू उठल्याने गढूळपणाही जास्त, त्यामुळे स्कूबाला पैसे मोजूनही फारसं काही दिसत नाही. अष्टमीच्या मागेपुढे भांगाची, म्हणजे कमी चढ-उताराची भरती असते, तेव्हा पाणी त्यातल्या त्यात शांत आणि नितळ. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत अशी सुट्टी मिळाली तर सोडू नका. पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या आणि स्कूबा बंद असतात, आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारीलाही बंदी असते.

भरतीची वेळ काढायचा किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट. अष्टमीला ८ × ३ ÷ ४ म्हणजे ६, सकाळी आणि संध्याकाळीही. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. पूर्ण ओहोटी त्यानंतर सव्वासहा तासांनी. हा आकडा मुंबईला जास्त जुळतो, मालवणात भरती थोडी आधीच येते, म्हणून आदल्या संध्याकाळी होडीवाल्याला विचारून वेळ पक्की करा.

दिवसाची आखणी त्यावरूनच होते. अष्टमीला सकाळी आठला स्कूबा उरकायचं आणि अकराच्या सुमारास देवबागहून होडीने कर्ली नदी आणि समुद्राच्या संगमावरच्या वाळूच्या बेटाकडे निघायचं. सुनामी आयलंड म्हणतात ते हेच. ते ओहोटीला उघडं पडतं. भरतीला गेलात तर पाण्यातच उभं राहावं लागेल. मात्र ओहोटी चालू असताना कर्ली नदीचं पाणी मुखातून जोरात समुद्राकडे जातं. तिथे गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नका, पोहता येत असलं तरी नाही.

स्कूबात बहुतेकांची गडबड कानांशी होते. खाली जायला लागताच, कान दुखायची वाट न बघता, नाक चिमटीत धरून तोंड मिटून हळूच हवा लोटायची; दर थोड्या अंतराला पुन्हा. दुखायला लागल्यावर जोर लावला तर इजा होते. सर्दी असेल त्याने सरळ वरच थांबावं. दुसरी चूक खुणेची. सगळं ठीक आहे हे सांगायला अंगठा वर केला की प्रशिक्षक तुम्हाला वर घेऊन येतो, कारण पाण्याखाली त्या खुणेचा अर्थ ‘वर चला’ असाच आहे. ठीक आहे सांगायला अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करा. परतीचं विमान असेल तर मध्ये किमान १८ तास ठेवा.

किनाऱ्यावर पोहताना आजूबाजूला लाटा फुटत असतात आणि मध्येच एक पट्टा सपाट, गडद दिसतो. नवख्याला तीच जागा सुरक्षित वाटते, पण आत आलेलं पाणी परत खोल समुद्रात जातं ते तिथूनच. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे हात मारून दमू नका. किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर या, मग आत वळा. ग्रुपने जोड्या लावूनच उतरावं आणि एकाने वाळूवर थांबून डोकी मोजत राहावं. दारू प्यायलेल्याला पाण्यात सोडायचं नाही, यात मैत्री आड येऊ देऊ नका.

बाकी सोपं आहे. कोकण रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, कुडाळला उतरायचं. तिथून मालवण सुमारे तीस किलोमीटर. रिक्षात तिघंच बसतात, म्हणून मोठी गाडी आधीच सांगून ठेवा. स्वतःची गाडी असेल तर ती पुळणीवर घालू नका, चाकं रुततात. कॉन्ट्री, म्हणजे प्रत्येकाचा वाटा, खोल्या बुक करण्याआधीच एकाकडे जमा करा. ऐनवेळी गळणाऱ्याचा भार मग बाकीच्यांवर पडत नाही. थोडी रोकडही ठेवा, सगळीकडे नेटवर्क मिळेलच असं नाही.

आणि जेवण. दहा ताटं अचानक मागितली तर मिळेल ते खावं लागतं. सुरमई की बांगडा, तिसऱ्या (शिंपल्या) हव्यात का, शाकाहारी किती, हे आदल्या रात्रीच घरमालकिणीला सांगा. म्हणजे ताजा मासा घेता येतो, आणि सोलकढीही सगळ्यांना पुरते.