जुनी गाडी काढायची वेळ कशी ओळखावी?

नागपुरात गाडी विकायचा विचार बहुतेक घरांत मे महिन्यातच डोकं वर काढतो. पारा ४५ च्या पुढे गेलेला असतो, व्हेरायटी चौकाच्या सिग्नलवर एसी गरम हवा फेकायला लागतो, आणि आपण म्हणतो, आता काढूनच टाकू. त्या दिवशी काहीच ठरवू नका. २०२२ च्या मे महिन्यात आमच्या २००९ च्या पेट्रोल गाडीचा कॉम्प्रेसर गेला. मी घाईघाईने २२,००० रुपये घातले आणि ऑगस्टमध्ये गाडी विकली. घेणाऱ्याने नव्या कॉम्प्रेसरचे पाच हजारही वेगळे धरले नाहीत. ठेवायची की विकायची हे आधी ठरवावं आणि मोठं काम त्यानंतर काढावं, हे मला तेव्हा कळलं.

१. वर्षाचा हिशेब कागदावर मांडा

मागच्या १२ महिन्यांची बिलं गोळा करा. पेट्रोल, विमा बाजूला ठेवा. ते नव्या गाडीलाही लागतातच. दुरुस्तीचा आकडा आणि वर्षभरात गाडीची उतरलेली किंमत, या दोन्हींची बेरीज करा. समजा दुरुस्तीला ४५,००० गेले आणि किंमत १,८०,००० वरून १,५०,००० वर आली. म्हणजे वर्षाचे ७५,०००, महिन्याचे सव्वासहा हजार. सहा लाखांचं कर्ज पाच वर्षांसाठी ९ टक्क्यांनी घेतलं तर हप्ताच साडेबारा हजारांच्या आसपास बसतो. नुसत्या पैशाच्या हिशेबात जुनी गाडी बहुतेक वेळा स्वस्तच पडते. म्हणून एका मोठ्या बिलाला घाबरून गाडी काढू नका.

२. मग काढायची कधी?

गाडीवरचा भरवसा उडाला की. वर्षात किती दिवस ती गॅरेजमध्ये होती आणि किती वेळा रस्त्यात उभी राहिली, हे मोजा. बॅटरी, टायर, ब्रेक पॅड, क्लच प्लेट हा झिजेचा खर्च. तो आला म्हणून गाडी वाईट ठरत नाही. कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) वारंवार कमी होणं, सायलेन्सरमधून निळा धूर येणं, तळाच्या पत्र्याला गंज लागणं, ही लक्षणं मात्र वेगळी. आपल्याकडच्या उन्हात रेडिएटरचे होज आणि रबरी बुश लवकर कडक होतात, इंजिन एकदा जरी जोरात तापलं तरी हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या भागाचं सील) जाऊ शकतं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पुरात अंबाझरी, सीताबर्डी भागात गाडी पाण्यात गेली असेल तर वायरिंग नीट तपासून घ्या, आणि विकताना ते लपवू नका.

तपासणी ओळखीच्या मेकॅनिककडून करा आणि त्याला एवढंच विचारा: "भाऊ, ही गाडी तुमची असती तर ठेवली असती का?" आमच्या मेकॅनिकचं उत्तर मला अजून आठवतं: "चालू आहे न, तेव्हाच काढा. बंद पडल्यावर भंगारचाच भाव येते."

सुरक्षेचा मुद्दा मला पैशापेक्षा मोठा वाटतो. २०१९ च्या आधीच्या अनेक गाड्यांत एअरबॅग नाही, एबीएसही (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही. धरमपेठ ते इतवारी एवढंच फिरणं असेल तर एक वेळ चालेल. पण लेकराबाळांना घेऊन समृद्धी महामार्गावर जायचं असेल, तर अशी गाडी ठेवू नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

३. पंधरा वर्षांची रेघ

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून ती पाच वर्षांसाठी वाढवता येते. कारसाठी २०२२ पासून नूतनीकरणाचं शुल्क ५,००० रुपये झालं, शिवाय पर्यावरण कर. घेणाऱ्यालाही हे ठाऊक असतं, म्हणून मुदत जवळ आली की तो भाव पाडतो. तेराव्या वर्षीच ठरवून मोकळे व्हा. "आता पेट्रोल गाड्या पंधरा वर्षांनी बंदच" असं कोणी सांगत आलं तर घाबरू नका. तो नियम दिल्ली परिसराचा आहे, नागपूरचा नाही.

४. महिना

पितृपक्षात गिऱ्हाईक फिरकत नाही. दसरा-दिवाळीला बोलणी सुरू होतात. डिसेंबर मात्र ओलांडू नका. जानेवारी लागला की गाडी कागदावर एक वर्षाने म्हातारी होते.

५. नाव बदलल्याशिवाय सुटका नाही

चावी दिली, पैसे घेतले, की लोक विसरतात. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची. मग गाडी हातोहात कितीही फिरलेली असो. म्हणून नमुना २९ आणि ३० (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे आरटीओचे अर्ज) यांवर सह्या करून कागद एजंटच्या भरवशावर सोडू नका. एमएच ३१, ४९ की ४०, गाडी ज्या आरटीओची असेल तिथे अर्ज जमा झाल्याची पावती स्वतः घ्या. कर्ज होतं तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ (गाडीवरचा बँकेचा बोजा उतरवायचा अर्ज) लागेल. घेणारा छिंदवाडा किंवा बालाघाटचा, म्हणजे मध्य प्रदेशातला असेल, तर आरटीओची नमुना २८ ची एनओसीही (ना-हरकत) काढावी लागते.

विम्याचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) तुमचा असतो, गाडीचा नाही. कंपनीकडून तसं पत्र घ्या, नव्या गाडीला तो चालतो. फास्टॅग त्याच दिवशी बंद करा. आणि आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) नव्या नावावर झाल्याची प्रत हातात पडेपर्यंत जुन्या कागदांची फाईल कपाटातून हलवू नका.