झोन बदलाची नोटीस आली? हे करा

ठाण्यात आपल्या भागात झोन, म्हणजे जमिनीचा ठरवलेला वापर, बदलून खाली दुकानं, वर उंच टॉवर असा प्रस्ताव आला की आधी पालिकेच्या शहर विकास विभागातून सर्व्हे नंबर टाकून झोन दाखला आणि भाग नकाशा (विकास आराखड्यातला आपल्या भागाचा तुकडा) काढा. मग रस्ता टेपने मोजा, खरंच मोजा, कारण २०२० च्या युडीसीपीआरमध्ये (राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली) किती एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या मानाने किती बांधकाम, मिळणार ते बरंचसं रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. एमआरटीपी, म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याच्या कलम ३७ ची (विकास आराखड्यात फेरबदलाची) नोटीस असेल तर हरकत-सूचनेला एकच महिना मिळतो, तेव्हा सोसायटीची मीटिंग होईपर्यंत थांबू नका, पाणी, पार्किंग, फायर ब्रिगेडची गाडी वळेल का ते फोटोसकट लिहा, पोच घ्या आणि सुनावणीला स्वतः जा. पटत असेल तर पाठिंबाही लेखी द्या, घरं हवीच आहेत. अंतिम मंजुरी राज्य सरकारची.