जनसुनावणीला जायचं आहे? मग पहिले हे वाचा

नागपूरजवळच्या कोराडी, खापरखेडा, सुरादेवी या पट्ट्यातल्या लोकांसाठी लिहितोय, कारण इथल्या कोळशाच्या वीज प्लांटचं नवीन युनिट निघालं की जनसुनावणी, म्हणजे मंजुरीआधी लोकांचं म्हणणं ऐकायची सरकारी बैठक, येतेच. पहिले एक डोक्यात घ्या, हे मतदान नाही. हजार लोकं "नको" म्हणून ओरडले तरी तेवढ्यावर प्रोजेक्ट थांबत नाही, न कोणीच आलं नाही तरी सुनावणी होतेच, याले कोरम (किमान हजेरीची अट) नसते. तिथं फक्त नोंद होते, न तेच कागद पुढं जातात. म्हणून जायचं ते नोंद करवून घ्यायला, भाषण ठोकायला पुढारी आहेतच.

2006 च्या ईआयए (पर्यावरणावर काय परिणाम होईल त्याचा अभ्यास) अधिसूचनेप्रमाणे कमीत कमी 30 दिवस आधी पेपरात नोटीस द्यावी लागते, ती दिसली की कापून ठेवा. मग या अभ्यासाचा रिपोर्ट पाहा. जिल्हाधिकारी ऑफिस, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र इथं तो ठेवलेला असते. जाडजूड इंग्रजी गठ्ठा पाहून घाबरू नका, मराठी सारांश वाचा न गठ्ठ्यातून फक्त हवेचा टेबल काढा. प्लांटपासून 10 किलोमीटरच्या आत कुठंकुठं हवा मोजली ती नावं तिथं राहतात. तुमचं गाव त्यात आहे का? मोजणी कोणत्या महिन्यात केली, कोळशाची राखड उडते त्या उन्हाळ्यात की मस्त गार दिवसात? हे विचारलं ना, की समोरचा कागद चाळायले लागते.

बोलताना नाव, गाव, एक मुद्दा, एक मागणी, बस. "प्रदूषण लय वाढलं" म्हणाल तर मिनिट्समधे (सुनावणीच्या लेखी नोंदीत) तेवढंच येईल न त्याचं उत्तर पण तसंच गोलगोल येईल. त्यापेक्षा सांगा की मार्च ते मे छतावर कुरड्या वाळू घातल्या की संध्याकाळपर्यंत वरून राखेचा थर बसते, अमुक वॉर्डात, म्हणून प्लांटची राख साठवतात त्या बंधाऱ्यावर पाणी मारायचं वेळापत्रक द्या न शाळेजवळ हवा मोजायची मशीन लावा, रीडिंग ग्रामपंचायतीत टांगा. 2022 च्या जुलैत खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला होता, म्हणून नवीन बंधाऱ्याची गोष्ट निघाली तर तो विषय काढाच.

आता खरी अडचण. वीज साऱ्या राज्यात जाते, राख इथंच राहते, न ज्याच्या घरावर ती पडते त्याले मजुरी बुडवून दिवसभर मंडपात बसणं परवडत नाही. कोराडीची सुनावणी 29 मे 2023 ला होती, भर नवतपात, म्हणजे उन्हाळ्यातल्या सगळ्यात तापत्या दिवसांत! बाया, म्हातारी माणसं कशी येतील बावा? त्यांच्यासाठी लेखी हरकत, ती पण तेवढीच चालते. प्रदूषण नियंत्रण मंडळाले द्या, दुसऱ्या कॉपीवर शिक्का मारून घ्या, जमलं तर ग्रामसभेचा ठराव जोडा.

शेवटपर्यंत थांबा, हे लोकं विसरतातच. नोंदवलेलं सगळं मराठीत समजावून वाचून दाखवणं बंधनकारक आहे, तुमचा मुद्दा सुटला तर तिथंच हात वर करा, कारण मिनिट्सवर त्याच दिवशी सही होते.

न एवढं करूनही मंजुरी मिळाली तर राष्ट्रीय हरित लवादात (पर्यावरणाच्या खटल्यांचं कोर्ट) 30 दिवसांत अपील करता येते, आपल्याले पुण्याचं खंडपीठ लागते. वकील शोधायलेच त्यातले बरेच दिवस जातात, म्हणून शिक्क्यांच्या कॉप्या एका फाइलीत आधीच लावून ठेवा.